सोळा पत्रे

पत्रे मोजून घेतले होते मी. सोळा.
जस्ताचे, कोरे, हाताला अजून तेलकट लागणारे,
संदेष्टा एनोकच्या ट्रकमधून उतरवलेले.
एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाजण,
मधे वाळूची चिंचोळी पट्टी
आणि तिच्यावर आमचं प्रार्थनाघर,
ज्याच्या झावळ्या दरसाल वारा न्यायचा.
मी पावतीवर सही केली. अंगठा नव्हे, सही.
उपदेशक आहे, लिहितावाचता आहे.

त्याने बदल्यात काहीच मागितलं नाही.
तिथेच कळायला हवं होतं.

त्यानंतर दर रविवारी
प्रेषितांची पत्रे वाचायचो त्या पत्र्यांखाली.
पारखून घ्या म्हणणारं पान आलं
की बोट ओलं करून जरा घाईने उलटायचो.
बाहेर पटांगणात त्याचा जनरेटर धडधडायचा,
बाटल्या खपायच्या, लेबलावर त्याचाच फोटो,
आत पामच्या बियांचं तेल.
वास ओळखता येतो मला,
बायको माझी वीस वर्षं तेच काढायची.

सेफाकोर मासे धुरी देऊन विकते.
तिचा एलिकेम तापाने फणफणला, नऊ वर्षांचा.
संदेष्टा म्हणाला, गोळी दिलीस तर विश्वास उणा पडेल.
म्हणाला, आधी देवापाशी काही ठेव.
तिने मेलेल्या नवऱ्याची होडी तारण ठेवली
तारणासाठी.

शब्द तोच. मी शब्दांचा माणूस,
मला तरी फरक सांगता आला असता:
एक आपण ठेवतो, गहाण,
आणि दुसऱ्यासाठी कुणीतरी आधीच
स्वतःला ठेवून गेलेला असतो,
ना व्याज, ना पावती.

विचारायला आली होती ती.
संध्याकाळी, हातांना धुराचा वास.
"फोलीबाबा, देऊ का गोळी?"
मी वर पत्र्यांकडे पाहिलं.
म्हणालो, "प्रार्थना कर."
खोटं नव्हतं ते.
म्हणूनच जास्त खोटं होतं.

पोर वाचलं. कान गेले.

लांडगा मेंढराचं कातडं पांघरतो
हे मी चाळीस वर्षं शिकवलं.
कधी मेंढपाळही पांघरतो,
हे शिकवायचं राहिलं.

विश्वास होता की माझ्याजवळ, कायमच होता,
घडी घालून ठेवलेल्या सदऱ्यासारखा.
पण घडीतला सदरा शिडी चढत नाही.
गुरुवारी पहाटे मीच चढलो.
खिळे काढले एकेक, गंजायलाही वेळ न मिळालेले.
सातव्या पत्र्याला मंडळी गोळा झाली.
कोमला ओरडला, "पत्र्यांचा काय दोष?"
खरंच, काय दोष.
नवव्याला तळहात चिरला.
सोळावा उतरवला तेव्हा ऊन
वेदीवर येऊन बसलं होतं,
विचारल्याशिवाय.

हातगाडीवर घालून नेले.
एनोक हसला, पांढरे बूट, पांढरे दात,
"दान परत घेत नाही मी."
त्याच्या दाराशी रचून आलो.
होडी मात्र सोडवता आली नाही.
तिचा कागद त्याच्याकडे आहे
आणि कागदांना मी अजून भितो.
सेफाकोरला मात्र सगळं सांगितलं,
तिच्या धुरीच्या भट्टीसमोर, उभ्यानेच.
ती मासे उलटत राहिली.

याने माझं तारण होईल असं नाही.
ते मी कमावायचं नव्हतंच कधी.
फक्त कुणीतरी केव्हाची हाक मारतोय
आणि मी "ओ" म्हणालो, उशिरा, शिडीवरून.

आज रविवार. अकरा माणसं.
हर्मट्टनचा वारा वाळवंट घेऊन आलाय,
पानावर धूळ साचते, बोटाने पुसून
ओळ शोधावी लागते.
घाई करता येत नाही.
एलिकेम घंटेच्या खांबाला तळवा लावून उभा आहे,
वाजली की त्याच्या भुवया हलतात.
आई त्याची आत आलेली नाही.
दाराशी थांबली आहे,
आणि छप्पर नसलेल्या घराला
आत कुठून म्हणायचं,
मलाही नीट सांगता येत नाही.